फेणी आणि आठवड्याचा बाजार

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास गोव्यातील सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत फिरणाऱ्यास काजूच्या बोंडांचा आंबूस दरवळ दुरूनच जाणवतो. बी वेगळी काढून बोंडे तुडवावयाची, रस काही दिवस आंबू द्यावयाचा आणि मग भट्टीवर चढवावयाचा. पहिल्या खेपेस उतरतो तो हुर्राक. तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला म्हणजे फेणी. बीला भाव आहे, ती साठवताही येते. बोंड मात्र दिवसभरातच नासू लागते. म्हणून भट्टी ही बागायतदाराच्या संसाराची अर्धी बाजू होय.

काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले. २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचे पेय ठरविले. मान मिळाला, पण गिऱ्हाइकापर्यंतची वाट लांबच राहिली. काजूचे मद्य गाळण्याचा हक्क विभागवार लिलावाने दिला जातो, किरकोळ विक्रीस निराळा परवाना लागतो. तेव्हा लहान गाळणारा आपला माल बहुधा ठोक भावाने व्यापाऱ्याच्या स्वाधीन करतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी, मिरच्या, मातीची मडकी घेऊन बसणाऱ्यांच्या रांगेत त्यालाही जागा का असू नये? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २०१४ साली तेथेच पिकलेल्या द्राक्षांची वाइन शेतकऱ्यांच्या बाजारात विकण्यास मुभा दिली. अर्थात वाइन आणि फेणी यांच्या जोरात मोठे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही.

विषारी दारूची भीती कोणी पुढे करील, आणि ती पोकळ नाही. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली. परंतु असे अनर्थ बहुधा कारखान्यांतील मिथेनॉल दारूत मिसळल्याने घडतात, आणि निनावी बाटलीत ते सहज खपते. समोर बसलेला विक्रेताच गाळणारा असेल, बाटली मोहोरबंद असून तीवर त्याचे नाव, गाव व मद्यार्काचे प्रमाण असेल, तर नमुना तपासणाऱ्या अबकारी अधिकाऱ्यास निदान जाब कोणास विचारावा हे कळेल. व्यसनाचा प्रश्न याहून कठीण आहे. त्यासाठी पिण्यास तेथेच सक्त मनाई हवी, एकवीस वर्षांखालील कोणास विक्री नको आणि माणशी बाटल्यांवर मर्यादा हवी. एवढ्या अटींवर म्हापशास एक हंगाम हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. भट्ट्या बहुतेक उन्हाळ्यातच चालतात, तेव्हा तपासणीचा भारही वर्षभराचा नाही.