पगारातून कापलेले नव्वद रुपये कुठे जातात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून विम्यावरचा जीएसटी गेला, ही बातमी आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. रविवारी वंदना आटोपल्यावर विहारात दोन-तीन भगिनींनी आम्हाला गाठले. "ताई, विमा स्वस्त झाला म्हणे. आता काढून टाकायचा का?"

बातमी खरी आहे. स्वतःचा किंवा कुटुंबाचा आरोग्य विमा काढला की हप्त्यावर १८ टक्के कर लागायचा. २० हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये नुसता कर. तो आता शून्य झाला. वैयक्तिक आयुर्विम्यावरचाही गेला. ज्यांच्या घरी अशी पॉलिसी आहे त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी जुनी पावती शेजारी ठेवावी आणि मूळ हप्ता वाढवला आहे का ते पाहावे. कंपन्या भाड्यावर, कमिशनवर जो कर भरतात त्याची वजावट त्यांना आता मिळत नाही. ती कसर आपल्या हप्त्यातून निघू शकते.

पण खरे सांगा, आपल्या वस्तीत वर्षाला २० हजार हप्ता भरणारी घरे किती? एका हाताची बोटेही पुरी व्हायची नाहीत. आपल्या कामाचा स्वस्त विमा दुसराच आहे. तो अनेक घरांत आहे, आणि असूनही नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीतला एक तरुण ठेकेदारामार्फत एका ऑफिसात हाऊसकीपिंगला होता. पगार १२ हजार. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा एक ओळ यायची, 'ईएसआय ९० रुपये'. एका रात्री त्याच्या पोटात असह्य दुखू लागले. अपेंडिक्स निघाले. कामगार विम्याच्या दवाखान्यात गेले, तर तिथे त्याच्या नावाची नोंदच नाही. घाईघाईत खाजगी दवाखाना गाठावा लागला. बायकोने बचत गटातून कर्ज काढले, कानातले गहाण टाकले. दोन वर्षे पैसे कापले गेले आणि विमा मात्र कधी उतरलाच नव्हता.

हे ९० रुपये काय आहेत ते नीट समजून घ्या. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असतील आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल, तर राज्य कामगार विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापायचा, मालकाने स्वतःच्या खिशातून सव्वातीन टक्के घालायचे. म्हणजे १२ हजार पगारावर कामगाराचे ९० आणि मालकाचे ३९०. जुलै २०१९ च्या आधी हेच २१० आणि ५७० होते. उद्योगांवरचा भार हलका व्हावा, जास्त मालकांनी नोंदणी करावी, म्हणून सरकारने दर उतरवले. १ जुलै २०२५ पासून 'स्प्री' नावाची मोहीमही काढली, त्यात स्वतःहून नोंदणी करणाऱ्या मालकाला मागची थकबाकी विचारायची नाही असे ठरले. मालकाला सवलत मिळाली, ठीक आहे. ज्या कामगाराची मागची वर्षे विम्याविना गेली त्याला काय मिळाले, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

या ९० रुपयांत काय मिळते? नवरा, बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यावर उपचार. साध्या तापाच्या गोळीपासून ऑपरेशनपर्यंत. ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, म्हणजे १२ हजारवाल्याला रोज साधारण २८० रुपये. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार. बाजारातली कुठलीही पॉलिसी या पैशांत एवढे देत नाही. फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत आणि हप्ता सरकार भरते, ते रेशनकार्ड जपून ठेवाच. पण तिथे ठरलेले उपचार मिळतात, बुडालेला पगार मिळत नाही. घर मोडते ते बुडालेल्या पगारानेच, हे आम्ही वॉर्डात इतकी वर्षे पाहिले आहे.

ही योजना कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर बाबासाहेबांनी विमा हा सरकारचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, असे मांडले होते.

तेव्हा आज रात्रीच घरातली पगाराची चिठ्ठी काढा. ईएसआयची ओळ आहे का? असेल तर ठेकेदाराकडे दहा आकडी विमा क्रमांक मागा. तो उमंग ॲपवर घातला की कोणत्या महिन्याची वर्गणी भरली ते दिसते. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ती भरायची असते. बायको, मुले, आईवडिलांची नावे चढली आहेत का तेही पाहा, बहुतेकांची तिथेच राहून जातात. भरणा दिसत नसेल तर चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स घेऊन विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. "ठेकेदाराला विचारा" असे ऑफिसवाले म्हणतील. त्यांना सांगा, ठेकेदाराने भरले नाही तर मूळ मालकाची जबाबदारी आहे, कायदा तसा आहे. एकट्याने जाऊ नका, एकट्याला कामावरून काढतात. चार-पाच जण मिळून जा.

धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या भगिनींना हा विमा नाही. त्यांनी निदान बँकेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा घ्यावा, २ लाखांचा असतो. मे अखेरीस खात्यात पैसे शिल्लक ठेवा, नाहीतर तो तुटतो.

त्या तरुणाच्या चोवीस चिठ्ठ्या आम्ही तक्रारीला जोडल्या आहेत. बरोबरच्या सहा जणांनीही सह्या केल्या. तपासणीची तारीख अजून यायची आहे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत, येताना चिठ्ठ्या आणा.