बीड जिल्ह्यातील क्रीडापटूंच्या जीवनकथा : एक आकलन
(अविनाश साबळे व राहुल आवारे यांच्या वाटचालीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर हे तीन शब्द आपोआप पुढे येतात. बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला धारूर तालुका तर या तिन्ही शब्दांचा नित्य अनुभव घेणारा. परंतु याच जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत जागतिक दर्जाचे दोन क्रीडापटू दिले. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे आणि पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे. दोघांच्या यशाच्या बातम्या आपण वाचल्या, महाविद्यालयांत अभिनंदनाचे ठराव झाले, स्नेहसंमेलनाच्या भाषणांतून त्यांची उदाहरणे दिली गेली. मात्र या उदाहरणांची मांडणी बहुधा एकाच साच्यात होते : गरीब घर, अपार कष्ट, अखेर पदक. हा साचा खोटा नाही, पण अपुरा आहे. गरिबी आणि कष्ट या भागात घरोघरी आहेत. पदके मात्र दोनच घरांत का आली, हे त्यातून कळत नाही. प्रस्तुत लेखात या दोन जीवनकथांमधील टप्पे तपासून, खेळाडू नेमका कोणत्या वळणावर घडतो आणि कोणत्या वळणावर हरवतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

स्टीपलचेस : शर्यतीचे स्वरूप

साबळे यांची कारकीर्द समजण्यासाठी त्यांची शर्यत समजणे आवश्यक आहे. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे साधी अडथळ्यांची शर्यत नव्हे. तीन किलोमीटरच्या अंतरात धावपटूला २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. इतर अडथळ्यांच्या शर्यतींतील अडथळा पाय लागला की पडतो. येथील जाड लाकडी तुळई जागची हलत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांबीचा असून अडथळ्याजवळ सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत जातो. म्हणजे ज्याची उडी लांब, त्याचा पाय कमी पाण्यात पडतो आणि त्याचा वेग कमी घटतो. दमलेल्या पायांनी सातव्या फेरीत हे साधणे हाच या शर्यतीचा गाभा होय. केवळ दमसास असून चालत नाही आणि केवळ उडी असूनही चालत नाही. पायांची लय मोडू न देता अडथळ्याशी योग्य पावलावर पोहोचणे, गर्दीत जागा राखणे आणि पडल्यास पुन्हा उठून गती पकडणे, या सर्वांची त्यात परीक्षा होते. म्हणूनच हे कौशल्य प्रशिक्षकाशिवाय आणि योग्य मैदानाशिवाय येत नाही. शाळेला धावत जाणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत, परंतु स्टीपलचेसचा पाण्याचा खड्डा किती शाळकरी मुलांनी प्रत्यक्ष पाहिला आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

मांडवा ते पॅरिस

अविनाश साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी शेतकरी कुटुंबात झाला. गावाहून शाळेपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचे अंतर. वाहनाची सोय नसल्याने ते लहानपणापासून चालत किंवा धावत जात. त्यांच्यावरील बहुतेक लेखांत हा तपशील ठळकपणे येतो, जणू तेथेच विक्रमाचे बीज पडले. वास्तविक बारावीनंतर ते भारतीय लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, ते धावपटू होण्यासाठी नव्हे, तर नोकरीसाठी. पुढील काळात सियाचीनची हिमनदी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा ठिकाणी त्यांनी सैनिक म्हणून सेवा बजावली. ज्या वयात बहुतेक खेळाडूंची पायाभरणी होत असते, त्या वयात ते सीमेवर पहारा देत होते.

२०१५ मध्ये लष्करांतर्गत क्रॉसकंट्री स्पर्धेतून त्यांच्या धावण्याला दिशा मिळाली. मध्यंतरी दुखापत झाली, वजन वाढले, ते कठोर मेहनतीने उतरवावे लागले. २०१७ मध्ये लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ते स्टीपलचेसकडे वळले. या वेळी त्यांचे वय २२-२३ वर्षांचे होते. आपल्या विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेत या वयाचा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात असतो आणि त्याची खेळातील वाटचाल संपत आली, असे आपण गृहीत धरतो.

त्यानंतरची प्रगती आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरते. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तब्बल ३७ वर्षे अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून तो मोडला. पुढे त्यांनी स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली, तेव्हा त्यांनी राष्ट्रीय विक्रम सुधारण्याची ती दहावी वेळ होती. सुमारे सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंदांची ही सुधारणा आहे. मध्यम-दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत या पातळीवर एक-दोन सेकंद कमी करण्यासाठी वर्ष खर्ची पडते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते.

२०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेचा प्रसंग विशेष नोंदवण्यासारखा आहे. प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या गोंधळात त्यांना अडथळा झाला. तरीही त्यांनी राष्ट्रीय विक्रम केला, पण अंतिम फेरीतील स्थान हुकले. भारतीय संघाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. तेथे ते तेरावे आले व ८ मिनिटे २१.३७ सेकंद असा आणखी एक विक्रम नोंदवला. नियमांची माहिती असणारे आणि वेळेत अर्ज करणारे कोणी पाठीशी असेल तरच अशी दाद लागते. तालुका पातळीवर खेळाडूची हरकत नोंदवून घेण्यासही कोणी जागेवर नसते, हा अनुभव आपल्यातील अनेकांच्या परिचयाचा असेल.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी रौप्यपदक मिळवले. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. ती मालिका साबळे यांनी खंडित केली. सुवर्णविजेते अब्राहम किबिवोट यांच्यापेक्षा ते केवळ ०.०५ सेकंदाने मागे राहिले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे रौप्य जिंकले. ऑलिंपिकमध्ये टोकियोला प्राथमिक फेरीतच थांबावे लागले होते; पॅरिसला २०२४ मध्ये ते या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले.

येथे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या याच शर्यतीत त्या अंतिम फेरीत पोहोचल्या व दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत्या. माण आणि आष्टी हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या तालुक्यांतील दोन मुलांनी पाण्याच्या उडीच्या शर्यतीत नाव कमवावे, हा योगायोग मनाला चटका लावतो. परंतु त्यातून ‘दुष्काळ माणसाला कणखर बनवतो’ असा सिद्धान्त काढण्याचा मोह टाळावा. एकाला लष्कराने हात दिला, दुसरीला रेल्वेने. दोघांनाही पगार, आहार, प्रशिक्षक आणि सरावासाठी वेळ मिळाला तो गाव सोडल्यानंतर.

पाटोद्याचा मल्ल

राहुल आवारे यांची वाट वेगळी आहे. तेथे आरंभापासून खेळच होता. वडील स्वतः कुस्ती करणारे. मुलाला तालमीचे पहिले धडे घरातच मिळाले. पुढे पुण्यात लातूरचे नामवंत मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्यांना घडवले. २०११ मध्ये बिराजदार यांचे निधन झाल्यावर काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची तयारी चालू राहिली. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांना १५-७ असे नमवून आवारे यांनी सुवर्णपदक पटकावले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले.

हे कांस्यपदक नीट पाहिले पाहिजे. ६१ किलो हा गट जागतिक स्पर्धेत असला तरी ऑलिंपिकमध्ये नाही. म्हणजे जगातील अव्वल मल्लांत गणना होऊनही ऑलिंपिकसाठी त्यांना ५७ किलोपर्यंत उतरणे आणि त्या गटातील देशांतर्गत चुरस पार करणे भाग होते. ऑलिंपिकच्या मॅटवर उतरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला व महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षकपदाची जबाबदारीही आली. यशाच्या साच्यात ही कथा अर्धवट बसते, म्हणूनच ती विद्यार्थ्यांना सांगण्यास अधिक योग्य आहे, असे मला वाटते. प्रत्येक चांगल्या मल्लाला ऑलिंपिक मिळत नाही, आणि न मिळाल्याने तो कमी ठरत नाही.

एका प्राचार्यांचे घर

महाराष्ट्रातील क्रीडाजीवनकथांचा मूळ नमुना म्हणजे कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी मिळवलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक देशाला मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, तर महाराष्ट्राच्या खेळाडूला ते २०२४ मध्ये, नेमबाज स्वप्निल कुसाळे यांच्या रूपाने मिळाले. खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ही देणी फेडली. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

या कथेत आपण सहसा खाशाबांकडे पाहतो. अध्यापकवर्गाने खर्डेकरांकडेही पाहावे. आज कोणत्याही प्राध्यापकाने घर गहाण ठेवावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, आणि तशी वेळ येऊही नये. पण त्या विद्यार्थ्याला नेमके काय कमी पडते आहे, हे त्यांना ठाऊक होते. ही माहिती असणे हीच पहिली मदत होती.

हंगामाचा प्रश्न

धारूर व आसपासच्या तालुक्यांत ही माहिती गोळा करू लागल्यास पहिली अडचण दिसते ती हंगामाची. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कुटुंबे टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. महाविद्यालयीन व विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे वेळापत्रकही साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत जाते. म्हणजे सरावाला ज्या महिन्यांत धार यायची, नेमके त्याच महिन्यांत धावणारा मुलगा उसाच्या फडात असतो किंवा आई-वडील गेल्याने गावी राहून धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करीत असतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. हजेरीपटावर या विद्यार्थ्यांपुढे केवळ ‘गैरहजर’ अशी नोंद होते. तालुक्याच्या संघातून नाव गळते, आणि वर्षभराने मैदानावरील चेहराही विस्मरणात जातो.

साबळे यांच्या कथेचा खरा अर्थ येथे लागतो. त्यांना सैन्याची नोकरी मिळाली, म्हणजे आधी हंगामाच्या चक्रातून सुटका मिळाली. त्यानंतर क्रीडागुण ओळखला गेला. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा अपेक्षिला जातो : आधी गुण सिद्ध करा, मग सोय पाहू.

या भागात खेळाडूंच्या मुलाखती घेणाऱ्या अध्यापकांनी व संशोधक विद्यार्थ्यांनी म्हणून प्रश्नावली थोडी बदलावी. ‘परिस्थिती किती बिकट होती’ हे विचारून डोळ्यांत पाणी येते, माहिती मिळत नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात. सरावाला पहिल्यांदा कोण घेऊन गेले? स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च कोणी दिला? त्या काळात घरची कामे कोणी केली? दुखापत झाल्यावर उपचार कोठे झाले? आणि सर्वांत महत्त्वाचे, खेळ कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात सुटला? जत्रेतील कुस्त्यांच्या फडात नारळापासून सुरू होऊन शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत पोहोचलेले, कबड्डी-खोखोत जिल्हा गाजवलेले कितीतरी जण आज याच तालुक्यात शेती, दुकान किंवा मुकादमी करीत आहेत. त्यांच्या हकिगती कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्यांतील बरेच जण साठी-सत्तरीचे आहेत.

साबळे यांची कथाही पूर्ण झालेली नाही. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्यांनी आशियाई विजेतेपद मिळवले आणि जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडून गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली व त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. त्यांच्यापाशी या काळात शल्यचिकित्सक होते, फिजिओथेरपिस्ट होते, चालू असलेला पगार होता. गुडघा दुखावल्याने खेळ सोडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणापाशी यातील काय होते, याची नोंद महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात सापडते का, हे पाहण्यापासून सुरुवात करता येईल.