थिनरचा डबा उघडण्याआधी हे वाचा: पहिला हेल्पर ठेवताना कुणी न सांगितलेली जबाबदारी

मार्जिन, मार्केटिंग, जीएसटी यावर आपण नेहमी बोलतो. आज माझ्याच एका चुकीबद्दल सांगतो.

स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान सुरू केलं ते दिवस. दहा बाय बाराचा गाळा. पावसाळा होता, पाणी आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली. आत थिनरने स्क्रीन धुणं चालू. आमचा हेल्पर म्हणाला, "दादा, डोकं लई जड झालंय, गरगरतंय." मी काय म्हणालो? "चहा पिऊन ये, सवय होईल."

थोड्या वेळाने तो भिंतीला धरून खाली बसला. बाहेर मोकळ्या हवेत नेल्यावर सावरला. डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं केमिकल वापरता?" मला फक्त डब्याचा रंग सांगता आला. त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

"सवय होते" हा गैरसमज

थिनरमध्ये बऱ्याचदा टोल्युईन, झायलीनसारखी सॉल्व्हंट असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून बंद खोलीत ती खाली साचते. लगेच दिसणारा त्रास म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ. वर्षानुवर्षं वाफ छातीत गेली, तर मेंदू आणि नसांवर परिणाम होतो, विसरभोळेपणा येतो. बेंझीन तर रक्ताचा कॅन्सर करू शकतं. वास जाणवेनासा झाला म्हणजे धोका गेला असं नाही, फक्त नाक थकलेलं असतं.

फिनाईल, टॉयलेट क्लीनरचा घरगुती धंदा करणाऱ्यांनी एक गोष्ट पाठच करा. ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो थेट फुप्फुसावर जातो.

कायदा काय म्हणतो?

"माझ्याकडे दोनच पोरं आहेत, मला कुठला कायदा?" असं बरेच जण म्हणतात. इथेच फसायला होतं.

कामामुळे झालेल्या आजाराची भरपाई मालकाने द्यायची, हा नियम 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून आहे. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आलाय. शिसं, पारा, क्रोमियम, बेंझीन यांच्यामुळे होणारे आजार त्याच्या यादीत आहेत.

हिशोब बघा. 30 वर्षांचा कामगार, पगार 15,000. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणांक 207.98. रक्कम होते 18,71,820 रुपये. आपल्यासारख्यांचं अख्खं दुकान विकलं तरी पुरेल का?

आणि "काही झालं तर मालक जबाबदार नाही" असं लिहून घेतलेला कागद इथे चालत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो.

10 किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयसी बघा. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. मग उपचार आणि अपंगत्वाचे लाभ तिथून मिळतात. त्याखाली असाल तर विमा कंपनीकडून वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी घ्या. कामामुळे होणारे आजार त्यात धरलेत का, ते वाचूनच सही करा.

तुम्ही स्वतः कामगार असाल तर

आज नोकरी करत धंद्याची तयारी करणारे बरेच जण हे वाचताय. त्रास झाला तर डॉक्टरांना काम काय करता आणि केमिकल कोणतं, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. रिपोर्ट, पगाराचा पुरावा, डब्याच्या लेबलचा फोटो जपून ठेवा. मालकाला लेखी कळवा. भरपाईचा दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा असतो, म्हणून "बघू नंतर" नको. कामगार कार्यालयात किंवा वकिलाकडे लवकर जा.

या आठवड्यात करायची पाच कामं

1. सप्लायरकडून प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट मागा. देत नसेल तर सप्लायर बदला.
2. एक्झॉस्ट फॅन वाफ निघते त्या जागेजवळ, खालच्या बाजूला लावा. शटर उघडं ठेवा.
3. कापडी मास्क किंवा एन-95 वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि योग्य हातमोजे घ्या.
4. केमिकल पाण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. प्रत्येक डब्यावर नाव लिहा.
5. डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखान्यात न्या. पोटात गेलं तर उलटी करवू नका.

फॅन आणि मास्कचा खर्च मी आता कच्च्या मालासारखाच कॉस्टिंगमध्ये धरतो. रेट थोडा वाढला, एक-दोन गिऱ्हाईकं कुरकुरली. चालतंय. तो हेल्पर आजही माझ्याकडे आहे, आणि नवीन पोरगा आला की मास्क कसा लावायचा ते तोच शिकवतो.

धंदा वाढवा, पण कुणाच्या छातीवर नको. भेटू पुढच्या व्हिडिओत!