चिखलातले कमळ कुजत का नाही?

गुलाबाच्या कुंडीत बरेच दिवस पाणी तुंबले की मुळे कुजतात आणि झाड मान टाकते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाण्याने घेतली की तो मिळेनासा होतो. मग कमळाचा कंद तर जन्मभर चिखलातच असतो. तो का कुजत नाही?

याचे उत्तर देठात आहे. कमळाचा देठ आडवा कापा. आत लहानमोठ्या पोकळ नळ्या दिसतील. देठाचा एक तुकडा स्वच्छ धुऊन त्याचे एक टोक पाण्यात बुडवा व दुसऱ्या टोकातून फुंका. पाण्यात बुडबुडे येतील. बाजारात मिळणारी कमळकाकडी म्हणजे कमळाचा कंदच. तिच्या चकतीतली भोके म्हणजे अशाच नळ्या.

या नळ्यांत हवा भरते ती पान. कमळाची पर्णरंध्रे पानाच्या वरच्या बाजूस असतात. पानाच्या आतील हवा दमट, तर बाहेरची त्या मानाने कोरडी असते. या फरकामुळे आणि उन्हाच्या उष्णतेमुळे बाहेरची हवा सूक्ष्म रंध्रांतून आत शिरत राहते व आतला दाब किंचित वाढतो. त्या दाबाने हवा देठातून कंदापर्यंत पोचते आणि पानाच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या रंध्रांवाटे बाहेर पडते.

हे समजले की कमळाची निगा कशी राखावी, हेही समजते. चला, शाळेत किंवा गच्चीवर एक कमळ वाढवू या.

पूजासाहित्याच्या दुकानात कमळगट्टा, म्हणजे कमळाचे बी, मिळते. माळेतले भोक पाडलेले मणी घेऊ नका. बियांचे टणक कवच पाणी आत शिरू देत नाही. म्हणूनच चीनमधील एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचे बीही रुजू शकले. चार बिया कानशीने एका टोकाला, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत घासा. चार बिया तशाच ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत कोमट हवेत ठेवून रोज पाणी बदला. घासलेल्या बिया चांगल्या असतील तर आठवडाभरात हिरवे कोंब दिसतील. न घासलेल्या बियांचे काय होते, त्याची नोंद ठेवा.

तीन-चार पाने व मुळे आली की रोप मोठ्या, गोल, तळाला भोक नसलेल्या टबात लावा. गोलच का? कंद आडवा पसरतो आणि चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यात अडकतो. तळाशी १५ ते २० सेंटिमीटर गाळाची माती घाला. ताजे शेण घालू नका. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. सुरुवातीला मातीवर ५ ते ८ सेंटिमीटर पाणी पुरे. पाने वाढतील तसे ते वाढवा. रोज किमान सहा तास ऊन हवेच.

वाळलेली पाने काढताना देठ पाण्याच्या पातळीच्या वर कापा. पाण्याखाली कापला, तर नळ्यांत पाणी शिरते आणि कंदाची हवा तुटते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी दोन-चार गप्पी मासे सोडा. बियांपासून वाढवलेल्या कमळाला पहिल्याच वर्षी फूल येईल असे नाही. धीर धरा.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. टबातील जादा वनस्पती किंवा मासे ओढ्यात, तळ्यात टाकू नका. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी माणसानेच ती देशोदेशी नेली. आज पुण्याच्या मुळा-मुठेसह कित्येक नद्यांवर तिचा दाट थर पसरतो. पाण्यातील जीवांना मग प्रकाशही मिळत नाही आणि प्राणवायूही कमी पडतो. जादा रोपे मित्रांना द्या, नाहीतर वाळवून त्यांचे खत करा. आपली पाणबाग टबातच राहिली पाहिजे.