मोटारीचा मोतीबिंदू

धाराशिव जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की ढोकी, कळंब, मुरूम या भागांतले रस्ते रात्रीही जागे असतात. उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या संथपणे कारखान्याकडे निघालेल्या असतात. त्यांतल्या काहींच्या मागे ना दिवा असतो, ना चमकणारी पट्टी. मागून येणाऱ्या मोटारीला त्या दिसतात, त्या केवळ तिच्या स्वतःच्या दिव्यांच्या उजेडात.

आता थोडे गणित करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर अंतर तोडते. धोका कळून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो आणि ब्रेक लागल्यावरही गाडी आणखी सुमारे 20 मीटर पुढे जाते. म्हणजे थांबायला सुमारे 40 मीटर हवेत. पुढची बैलगाडी 30 मीटरांवर आल्यावरच दिसली, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दिव्याची काच धुरकट, पिवळट होणे ही केवळ शोभेची बाब नव्हे.

आपण तिला ‘काच’ म्हणतो खरे, पण आजच्या बहुतेक मोटारींत ती काच नसतेच! ती असते पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लॅस्टिक. 1953 साली जर्मनीतील बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी ते तयार केले. ते वजनाला हलके असते, हव्या त्या आकारात ओतता येते आणि खडा उडून लागला तरी सहसा फुटत नाही. जुन्या जीपच्या दिव्यांना मात्र खरी काच असे. ती फुटे, पण पिवळी पडत नसे.

मग पॉलिकार्बोनेट का पिवळे पडते? त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांत या साखळ्यांचे दुवे तोडण्याइतकी ऊर्जा असते. तुटलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. त्यातून पिवळसर पदार्थ तयार होतात आणि पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात. हे टाळण्यासाठी कारखान्यात दिव्यावर संरक्षक लेप दिलेला असतो. परंतु वर्षानुवर्षांचे ऊन आणि रस्त्यावरची धूळ यांनी तो झिजतो.

येथे एक गंमत लक्षात घ्या. धुरकट दिवा सगळाच प्रकाश अडवून धरत नाही. त्यातला बराचसा तो वाटेल तिकडे विखुरतो. त्यामुळे रस्त्यावर उजेड कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. म्हणजे दुहेरी धोका!

एक प्रयोग करून पाहा. दुधी काचेच्या खरबरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. तेवढ्याच जागेतून पलीकडचे दिसू लागेल. काचेवरचे खाचखळगे पाण्याने भरून निघतात. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, काचेचा सुमारे 1.5 आणि हवेचा 1. काच आणि पाणी यांच्यातला फरक कमी असल्याने प्रकाश फारसा विखुरत नाही. धुरकट दिव्यावर पाणी ओतल्यावर तो क्षणभर स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे असे समजावे. आत बाष्प साचले असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही.

दुरुस्तीची रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. दिवा धुऊन, भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावून कारागीर तो ओल्या पॉलिश पेपरने घासतो: आधी 1000 नंबरचा, मग 2000, मग 3000. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. पहिल्या घासणीनंतर दिवा अधिकच पांढरट दिसतो, पण घाबरण्याचे कारण नाही. पिवळा थर निघून गेलेला असतो आणि पुढचा प्रत्येक पेपर मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे ठेवतो. शेवटी पॉलिशने ते इतके उथळ होतात, की प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे (0.4 ते 0.7 मायक्रोमीटर) त्यांची खोली नगण्य ठरते. मग प्रकाशाच्या लेखी पृष्ठभाग गुळगुळीतच!

टूथपेस्टने दिवा उजळतो असे पुष्कळजण सांगतात. त्यातही बारीक घासणारे कण असतात, म्हणून थोडा गुण येतो. पण तो टिकत नाही. पेट्रोलने पुसणे तर घातकच. त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जाऊ शकतात.

घासून झाल्यावर सर्वांत महत्त्वाचे काम उरते, ते अतिनील किरण अडवणारा नवा लेप देण्याचे. जुना लेप आपण घासून काढला. आता प्लॅस्टिक उघडे पडले आहे. लेप न देता गाडी उन्हात उभी केली, तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडेल. भेगा खोलवर गेल्या असतील, तर मात्र दिवा बदलणेच बरे.

तेव्हा घरच्या किंवा शेजारच्या मोटारीचे दिवे आज जरा निरखून पाहा. धुरकट वाटले, तर पाण्याची परीक्षा करा आणि वडीलधाऱ्यांना सांगा. हंगामातल्या रात्री उसाच्या गाडीवर बसलेल्या माणसाचे आणि तिला जुंपलेल्या बैलांचे प्राण त्या उजेडावर अवलंबून असतात.