उपग्रह प्रतिमा, खडक आणि खाणी : गैरसमज व वस्तुस्थिती

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्याच्या उपग्रह प्रतिमेत बराचसा भाग गडद लाल दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीत लोहखनिज असल्याचे सर्वांनाच ठाऊक असल्याने हा लाल रंग लोखंडाचा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो जंगलाचा असतो. हिरवे पान निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून प्रतिमा तयार करताना त्यांना लाल रंग दिला जातो. अशा प्रतिमेला छद्मरंगी प्रतिमा म्हणतात. तीत लाल म्हणजे जंगल किंवा बांध्यांत उभे असलेले धान आणि काळपट निळे म्हणजे तलावाचे पाणी. गंमत अशी, की खरी तांबडी, लोहयुक्त माती याच प्रतिमेत पिवळसर-हिरवट उमटते.

उपग्रहाला जमिनीच्या पोटातले दिसते, हा दुसरा आणि सर्वांत चिवट गैरसमज. प्रकाशीय संवेदक पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पापुद्र्यावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतात. १९८१ मध्ये अमेरिकी अंतराळयानावरील रडारने सहारातील वाळूखाली गाडलेली जुनी नदीपात्रे दाखवली, ती त्या वाळूच्या अतिकोरडेपणामुळे. धानपट्ट्यातील ओलसर मातीत रडारलाही फार खोल शिरता येत नाही.

सिंदेवाहीत तर पृष्ठभागही मोकळा नाही. खडकावर माती, मातीवर धान किंवा जंगल. त्यामुळे येथे खडक थेट पाहण्यापेक्षा त्याच्या खुणा वाचाव्या लागतात. सर्वांत बोलकी खूण म्हणजे तलाव. तालुक्याचा बराच भाग पट्टिताश्म आणि त्यासारख्या अतिप्राचीन स्फटिकी खडकांचा आहे. या खडकांत पाणी फारसे मुरत नाही आणि जमीन हलक्या चढउतारांची आहे. म्हणूनच पाळ घालून पाणी अडवणारे माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या येथे जागोजागी आढळतात. जिल्ह्याच्या वायव्येस, वरोऱ्याच्या बाजूला, बेसाल्टची काळी माती लागते आणि प्रतिमेतील तलावांची ही दाटी नाहीशी होते. टेकड्याही अशाच वाचता येतात. लोहखनिजाचे पट्टे असलेला क्वार्टझाइट झिजेला दाद देत नाही; भोवतालचा भाग झिजून सपाट झाला, तरी तो लांबट कण्यासारखा उभा राहतो. प्रतिमा कोणत्या महिन्यातली आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. पानगळीनंतरच्या मार्च-एप्रिलमध्ये जे दिसते, ते ऑक्टोबरमध्ये झाकलेले असते.

या भागातील खनिजे उपग्रहांनी शोधून दिली, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाबद्दलचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या हाती १८८२ मध्ये आला, तेव्हा विमानही अस्तित्वात नव्हते. पुढे दोराबजी टाटा आणि भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी या जंगलात प्रत्यक्ष शोध घेतला आणि मोठ्या पोलाद कारखान्याला पुरेल एवढा साठा येथे नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यांना दुर्गच्या लोहखनिजाकडे नेले, तेही नागपूरच्या संग्रहालयातील एका भूवैज्ञानिक नकाशाने. भारताचा प्रायोगिक टप्प्यापलीकडचा, नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला.

म्हणजे उपग्रहाचा उपयोग नाही, असे मुळीच नाही. लोहाची ऑक्साइडे सुमारे ०.९ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, तर चिकणमातीची खनिजे २.२ मायक्रोमीटरजवळचा. या फरकांवरून कोठे पाहणी करावी, हे ठरवता येते. पण साध्या तांबड्या मुरमातही लोहाची ऑक्साइडे असल्याने तीच खूण तेथेही मिळते. खनिजाची प्रत आणि थराची जाडी कळण्यासाठी छिद्रण करून नमुने काढावे लागतात. त्याला पर्याय नाही.

प्रतिमेतील प्रत्येक सरळ रेषेला भ्रंश किंवा भेग समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. कठीण खडकात भूजल मुख्यतः भेगांतून मिळते, म्हणून अशा रेषांना महत्त्व आहे. परंतु गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्ग, वीजवाहिन्यांखालचे तोडलेले पट्टे आणि वनखात्याच्या जाळरेषाही तितक्याच सरळ असतात. आधी नकाशाशी पडताळणी, मगच विहिरीची जागा.

खाणींबाबत अपेक्षा आणखी वाढलेल्या दिसतात. उपग्रह सतत, थेट पाहत असतो, असे मानले जाते. सेंटिनेल-२ मालिकेची जोडी एका जागेवरून साधारण ५ दिवसांनी जाते आणि पावसाळ्यात तिच्या हाती बहुधा ढगच लागतात. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरील खोदकामासारखा मोठा बदल तिच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमांत स्पष्ट दिसतो. मात्र त्यावरून क्षेत्रफळ कळते. किती टन माल निघाला, हे कळत नाही. त्यासाठी उंचीची आधीची आणि नंतरची मोजणी हवी.

अवैध उत्खननाचा निकालही उपग्रह देत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोमार्फत ऑक्टोबर २०१६ पासून खाण निरीक्षण प्रणाली चालते. खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत संशयास्पद बदल दिसला, की ती इशारा देते. त्यानंतर अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन तपासणी करायची असते, कारण तो बदल शेततळ्याचा किंवा रस्त्याच्या कामाचाही असू शकतो. भूमिगत कोळसा खाणींचे बोगदे तर प्रतिमेत दिसतच नाहीत. रडारच्या लागोपाठच्या प्रतिमांची तुलना करून जमीन हळूहळू खचत असल्याचे मोजता येते. पण ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूस येथे एक घर क्षणात जमिनीत गडप झाले, तशा अचानक घटनेची पूर्वसूचना त्यातून मिळेलच, असे नाही.

देशातील उपग्रह प्रतिमा राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मात्र प्रतिमेची तारीख आणि रंगयोजना तपासल्याखेरीज तिच्यावरून खाणीविषयी कोणताही दावा करू नये.