लॅबचा मुहूर्त, लॅबमध्येच!

माझी लॅब्रेडॉर साडेचार वर्षांची. गेल्या खेपेला ती माजावर आली तेव्हा जो तो म्हणाला, 'अकरावा दिवस पक्का!' मग काय, ऑफिसात थाप मारली आणि पुण्याहून थेट नाशिक गाठलं. स्थळ झकास, पण पिल्लं नाहीत.

यंदा व्हेटनं बजावलं, पहिल्या बाळंतपणाला आणखी उशीर नको. आता दिवस मोजायचे नाहीत, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजायचं. बाराव्या दिवशीही आकडा ०.९ नॅनोग्रॅमच. म्हणजे गेल्या वेळी आम्ही बहुधा भलतीच घाई केली होती! पंधराव्या दिवशी २.१, म्हणजे एलएच हार्मोन उसळलं. सतराव्या दिवशी ५.६. अंडी सुटली. मी गाडीची किल्ली उचलली, तर डॉक्टर म्हणाले, "थांबा हो! कुत्रीची अंडी सुटतात तेव्हा कच्ची असतात. पिकायला दोनेक दिवस लागतात."

एकोणिसाव्या दिवशी नाशिक. (बॉसला या वेळी खरं कारण सांगितलं. तो अजून हसतोय.)

सोनोग्राफीत चार इवली हृदयं धडधडताना दिसली. अंडी सुटल्यापासून साधारण ६३ दिवस धरायचे, त्यामुळे तारीखही हाताशी आहे. येता गुरुवार. नेमकं त्याच दिवशी माझं प्रेझेंटेशन आहे.